मनी प्लांट लावला तरी टाकीचे पाणी बदलावेच लागते

फिश टँकच्या काठावर कुंडी बसवायची, तिच्यात मातीऐवजी खडी किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या भरायच्या आणि पंपाने चढवलेले टाकीचे पाणी मुळांवरून परत टाकीत सोडायचे, अशी ही रचना असते. मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली तिच्यात चांगली वाढतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, खडीवरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि मुळे ते शोषतात. इथपर्यंत सगळे खरे आहे. पण यावरून ‘आता पाणी बदलायला नको’ असा निष्कर्ष ठामपणे काढला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे.

हिशेब करून पाहावा. रोज 1 ग्रॅम खाद्य म्हणजे महिन्याला 30 ग्रॅम. खाद्यात 35 टक्के प्रथिने धरली, तर त्यात सुमारे 1.7 ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला दोन-तृतीयांश पाण्यात उतरला, तरी तो 1.1 ग्रॅम होतो. हिरव्या वेलीत नव्वद टक्के पाणीच असते. सुक्या भागात 3 टक्के नायट्रोजन धरला, तर तेवढा शोषायला महिन्याला साडेतीनशे ग्रॅमहून जास्त नवी वाढ लागते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला मनी प्लांट एवढा वाढत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, तेव्हा तर नाहीच. शिवाय वेल छाटून बाहेर टाकली तरच नायट्रोजन टाकीबाहेर जातो. पाने पाण्यात गळून कुजली की तो पुन्हा टाकीतच येतो.

आणि प्रश्न एकट्या नायट्रेटचा नाही. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मागे राहतात. लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार असलेले बोअरचे 10 लिटर पाणी वरून भरले, की टाकीत 5 ग्रॅम क्षारांची भर पडते. झाड त्यातला किरकोळ भागच घेते. बेळगावात राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे नळाला येणारे पाणी बोअरच्या मानाने मृदू असते, पण तिथे अडचण उलटी होते. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे 7 ग्रॅम क्षारता खर्ची पडते. मृदू पाण्यात ती मुळातच कमी असल्याने सामू घसरत जातो. तो 6 च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. आम्लतेमुळे तो कमी विषारी रूपात राहतो, एवढेच. मग कोणी तरी एका दिवशी सगळे पाणी बदलते, सामू एकदम चढतो, तोच अमोनिया विषारी होतो आणि मासे मरतात. दोष मात्र पाणी बदलण्याला दिला जातो! आठवड्याला पाचवा हिस्सा, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने बदलला तर ही वेळच येत नाही.

टाकीचे पाणी हे पूर्ण खत आहे, हाही गैरसमजच. लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या 10 लिटरच्या बादलीत जेमतेम 90 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे 0.2 ग्रॅम युरियाइतका. पोटॅश, कॅल्शियम आणि लोह तर त्याहून तोकडे पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2014 च्या मत्स्य-वनस्पती शेतीवरील पुस्तिकेतही हीच तीन नावे आहेत. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, तर बहुधा लोह कमी आहे. त्यावर माशांना जास्त खाद्य घालणे हा उपाय नाही.

औषध किंवा मीठ घातलेल्या टाकीचे पाणी ‘पातळ केले की चालते’ असे समजून कुंड्यांना घालू नये. तांबे आणि मीठ मुळांना जाळतात.

निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात आणखी एक समज घातक ठरतो: तंबाखूचे पाणी नैसर्गिक, म्हणून निर्धोक. मावा मारणारे निकोटिन माशांनाही मारते. टाकीला जोडलेल्या कुंडीवर ते फवारले, की मुळांवरून थेट माशांपर्यंत पोचते. कीड पडल्यास पाने ओल्या फडक्याने पुसावीत, किंवा झाड बाहेर काढून धुवावे.

फिश टँकमुळे डास होतात, हेही खरे नाही. गप्पीसारखे मासे अळ्या खातात. डास होतात ते साध्या कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात. तिथे अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ती ताटली आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करावी.