एकच बार, पण झटपट भरणारा

खडकीच्या लढाईत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पायदळाच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. सराईत शिपाईही मिनिटाला तीनेकच बार काढी.

१८६९मध्ये खडकीत दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तोवर बंदूक मागून भरली जाऊ लागली होती. दारू, गोळी आणि ठिणगीची टोपी एकाच काडतुसात आली होती. पुढे आलेली १८७१ची मार्टिनी-हेन्री रायफल घ्या. खालची दांडी ओढली की आतला ठोकळा झुकतो आणि रिकामं काडतूस मागे फेकलं जातं. नवं सरकवून दांडी मिटली की बंदूक तयार. वेगळा घोडा चढवायला नको. मिनिटाला दहा-बारा बार!

अशी एकबारी रायफल निवडताना माझ्या मते पहिली कसोटी भरण्याची नव्हे, रिकामं काडतूस सुटण्याची. मार्टिनीची सुरुवातीची, पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली काडतुसं तापल्या नळीत अडकून बसत. तिथे सगळा वेग वाया जाई.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची दारं मिटत गेली. परवाना काढून रायफल घेणाऱ्या हौशी नेमबाजाला मात्र ही कसोटी आजही लागू पडते.