दीडशे वर्षांनी निघालेली नौका

पिंपळगाव रेणुकाईच्या माणसाला देवाच्या मिरवणुकीचे अप्रूप ते काय असणार! भोकरदन तालुक्यातल्या आमच्या या गावाचे नावच देवीवरून पडलेले. नवरात्रात घट बसले आणि संबळ वाजू लागला, की एरवी मिरचीच्या बाजारात गुंतलेली पावलेही देवळाकडे वळतात. त्यामुळे ओसाकाला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "बाबा, क्योटोची मिरवणूक पाहिल्याशिवाय परत जायचं नाही," तेव्हा मी काहीसा अनिच्छेनेच निघालो.

२०२३ सालची २४ जुलै. ओइके आणि कावारामाची या दोन रस्त्यांच्या चौकात आम्ही सकाळपासून उभे होतो. ऊन तर थेट आपल्या वैशाखातले. हा गिऑन उत्सव. 'गिऑन' म्हणजे आपल्या श्रावस्तीच्या जेतवनाचे जपानी नाव, हे मुलाने सांगितले आणि मी जरा सावरून उभा राहिलो. इ. स. ८६९ मध्ये देशभर रोगराई पसरली, तेव्हा ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून देवाला साकडे घातले गेले. त्यातून हा उत्सव वाढला. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत, त्याच जातीचे हे भय आणि हीच श्रद्धा.

झांजांच्या मंद ठेक्यावर रथ येऊ लागले. खिळ्यांऐवजी दोरांनी आवळून बांधलेले, अंगावर उंची वस्त्रे ल्यालेले. यांतल्या काही रथांकडे डच व्यापाऱ्यांमार्फत आलेले जुने हिंदुस्थानी गालिचे आहेत आणि त्यांतले काही दख्खनमध्ये विणलेले असावेत, असे जाणकार मानतात. आपल्या मुलखातल्या कुणा विणकराचे हात इथवर पोहोचले असतील, या विचाराने ऊर भरून आला.

या रथांची चाके वळत नाहीत. म्हणून चौकात चिरलेले बांबू अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि 'एन्याराया' अशी आरोळी देत माणसे रथ आडवा ओढतात. एक हिसका, मग दुसरा, मग तिसरा. रथ वळला की सारा चौक टाळ्या पिटतो. मीही पिटल्या!

सर्वांत शेवटी आला नौकेच्या आकाराचा रथ, ओफुने-होको. १८६४ च्या लढाईत क्योटोला आग लागली आणि जुनी नौका जळाली. मात्र देवतेचा मुखवटा आणि काही वस्त्रे वाचली. पुन्हा रथ बांधणे त्या आळीला झेपेना. पण म्हणून त्यांनी उत्सव सोडला नाही. उत्सवाच्या दिवसांत उरलेल्या वस्तू मांडायच्या आणि पूजा करायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. अखेर २०१४ मध्ये, बरोबर दीडशे वर्षांनी, नवी नौका मिरवणुकीत उतरली. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे रथ निघाले नाहीत. साथ टळावी म्हणून सुरू झालेली मिरवणूक साथीनेच अडवली! २०२२ मध्ये मात्र ती पुन्हा निघाली.

नौका पुढे गेली, गर्दी पांगली, पण माझा पाय निघेना. मला आमच्या घरची पितळी दिवटी आणि बुधली आठवत होती. आजोबा नवरात्रात ती पाजळून देवीच्या दारी जात. त्यांच्यामागे वडील गेले. वडील गेल्यावर मी गावच्या घराला कुलूप लावले आणि दिवटी पुण्याच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर टाकली. "आता गावात आपलं कोण राहिलंय?" असे मी सगळ्यांना सांगत असे. खरे सांगायचे तर मला तेवढे निमित्त पुरे होते.

जळून उरलेल्या वस्तूंपुढे दीडशे वर्षे हात जोडणारी ती आळी, आणि धडधाकट दिवटी अडगळीत ठेवणारा मी!

पुण्याला परतल्यावर पहिल्यांदा माळ्यावरचे बोचके खाली घेतले. चिंच लावून दिवटी घासली. सौ. काही बोलली नाही, फक्त बुधलीत तेल घालून ठेवले. त्या नवरात्रात आम्ही दोघे पिंपळगावला गेलो. कुलूप गंजले होते, ते फोडावे लागले. संध्याकाळी दिवटी पेटवून निघालो, तर शेजारच्या म्हाताऱ्या काकू ओट्यावरून डोळे बारीक करून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आलास का रे बाबा? लई उशीर केलास."