शिकारी बंदुकांचे सुटे भाग

पोथीचें हरवलेलें पान दुसऱ्या प्रतीवरून उतरून घालतां येतें. बंदुकीचें तसें नाहीं. कानशीनें घासून हातानें जुळविलेल्या विलायती दुनळी रायफलची कमान मोडली, तर त्याच कारखान्याच्या दुसऱ्या बंदुकीची कमान तीस बहुधा बसत नाहीं. कारागिराकडून नवीच घडवावी लागते, आणि खर्च वाढतो तो येथेंच. उलट, १८९८ सालच्या घडणीच्या मौझर रायफली यंत्रांवर लक्षावधि निघाल्या; त्यांचे भाग परदेशांत अद्यापि मिळतात. लंडनच्या रिग्बी कारखान्यानेंही शिकारी रायफलींस मौझरची घडण घेतली. (लष्करी मौझरच्या भागांवर अनुक्रमांक असतात, भाग बदलला कीं आंकडे जुळत नाहींत, आणि संग्राहकाच्या लेखीं तो क्षेपकच होय.)

आपल्याकडे मात्र किंमतीहून कायद्याची अडचण मोठी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत 'शस्त्र' या संज्ञेंत शस्त्रांचे भागही येतात. त्याच्या ४५ व्या कलमानें पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें हत्यार सुटतें खरें, परंतु दुरुस्त करूनही जें चालणार नाहीं तेंच! तेव्हां योग्य भाग बाजारांत मिळूं शकत असेल, तर वाड्यांतील भिंतीवरची मोडकी बंदूकही परवान्याच्या कक्षेंत येऊं शकते.