गाऱ्हाणं देवापुढेच

दीर्घ आजारात निरोपाला थोडा वेळ मिळतो. अपघात किंवा हृदयविकाराचा झटका तेवढाही देत नाही. सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी शवागारात असतो, आणि त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं विजेच्या बिलाबद्दलचं असतं. अशा ख्रिस्ती घरात भेटायला येणारे पहिल्याच दिवशी म्हणतात, "प्रभूची इच्छा!" हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. बायबल शोकाकुल माणसाला इतक्या घाईनं गप्प करत नाही.

आधी मनातला ठपका पाहू. "आमचंच काही चुकलं का?" हा प्रश्न अचानक आलेल्या मृत्यूमागोमाग हमखास येतो. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं ठार झाल्याचा उल्लेख आहे. ती माणसं इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी नव्हती, असं येशू स्पष्ट सांगतो. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्तापाकडे वळवतो. मेलेल्यांवर मात्र बोट ठेवत नाही. बुरूज का पडला, हेही तो सांगत नाही.

मग उरलेल्या आक्रोशाचं काय करायचं? त्यासाठी स्तोत्रसंहिता आहे. तिच्या 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं सर्वांत जास्त आहेत. तेरावं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा वचनांचं आहे. सुरुवातीलाच देवाला हाक आहे आणि त्याच दमात तक्रार: हे किती काळ चालायचं, असं चार वेळा विचारलेलं. मग मागणं: माझ्याकडे बघ, उत्तर दे. आणि अखेरीस एकदम भरवशाचा सूर लागतो. मधल्या काळात काय घडलं, ते स्तोत्रकर्ता सांगत नाही. परिस्थिती पालटल्याची खूण कुठेच नाही. ज्याच्यापुढे रडलो तो ऐकतो, एवढ्यावरच तो टेकला आहे.

इथे वाचणाऱ्याची घाई होते. शेवटचा भरवसा पहिल्याच आठवड्यात आपल्या तोंडी यावा असं वाटतं, आणि तो आला नाही की आपला विश्वास कच्चा ठरला अशी समजूत होते. अशा वेळी 88वं स्तोत्र वाचावं. त्यात शेवटपर्यंत वळण येत नाही. ते अंधारातच संपतं. तरी यहुद्यांनी आणि ख्रिस्ती मंडळीनं ते प्रार्थनेत जपलं. म्हणजे महिने उलटूनही जो तक्रारीपलीकडे जाऊ शकत नाही, त्याचीही प्रार्थना झालेली असते. जो ऐकणारच नाही त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही, म्हणून त्या रागातही मला विश्वासच दिसतो. वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी 22व्या स्तोत्राची आरंभीची आर्त हाक आली होती.

पुनरुत्थानाची आशा या रडण्याच्या आड येत नाही. बेथानीत लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलही शोक करू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच सांगतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या संदर्भात आठवतं. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ही विलापस्तोत्रंही त्यात आली. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली, आणि एप्रिल 1922 मध्ये स्वतःचा मृत्यू येईपर्यंत रमाबाई त्या कामात होत्या. आपली माणसं का गेली याचं उत्तर त्या कामात नव्हतं. जगण्याला अर्थ मात्र होता.

अचानक मृत्यू झालेल्या घरी जाल तेव्हा ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा: ते जमिनीवर त्याच्याजवळ नुसते बसून राहिले. त्यांची चूक झाली ती बोलायला, कारणं सांगायला लागल्यावर. देवानं शेवटी दोष दिला तो त्यांना, ईयोबाला नव्हे. कारण सांगू नका. घरच्यांनी म्हटलं तरच तेरावं स्तोत्र वाचा. आणि महिन्याभरानं, येणारी-जाणारी माणसं थांबली की, पुन्हा जा.