ओव्हरटाइमचे पैसे देतात का?

परवाच्या शनिवारी आमच्या गाडीचा एसी बिघडला. जूनमध्ये दोह्यात एसी बिघडणे म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. सौ.ने फर्मान काढले आणि आम्ही चिरंजीवांना बरोबर घेऊन सलवा रोडने इंडस्ट्रियल एरिया गाठला. तिथला पत्ता म्हणजे रस्त्याचा नंबर आणि एखाद्या टायरवाल्याची खूण! गॅरेज सापडले. मेकॅनिक निघाला मिरजेकडचा. "बसा साहेब, गॅस गळतोय, दोन तास जातील," म्हणाला आणि करक चहा मागवला.

आमचे चिरंजीव यंदा बारावीत. त्यांना कॉम्प्युटर गेम बनवण्याचे शिक्षण घ्यायचे आहे. त्यावरून घरात धुसफूस चालूच होती. त्यातच आदल्या रात्री सौ.ला त्याच्या पडद्यावर 'व्हिज्युअल नॉव्हेल' आणि 'फक्त प्रौढांसाठी' असे शब्द दिसले. झाले! तपासाचे काम अर्थातच आमच्याकडे आले. गॅरेजच्या बाकावर आम्ही खाकरून विषय काढला.

"बाबा, ती चित्रांची कादंबरी असते," तो म्हणाला. "वाचत जायचं, मधेमधे आपण निवड करायची, तशी गोष्ट वळते." १९८० च्या दशकात जपानमधल्या छोट्या कंपन्यांनी घरगुती कॉम्प्युटरसाठी असे खेळ काढले. त्यातले बरेचसे खरोखरच प्रौढांसाठी होते. "पण मी ते खेळत नव्हतो. ते बनवणाऱ्यांची गोष्ट बघत होतो."

ती गोष्ट म्हणजे '१६बिट सेन्सेशन' ही २०२३ सालची जपानी कार्टून मालिका. आजची एक चित्रकार मुलगी १९९२ च्या टोकियोत, अकिहाबारा भागातल्या अशाच एका छोट्या कंपनीत जाऊन पडते. पडद्यावर रंग फक्त सोळा, चित्र ठिपक्याठिपक्याने भरायचे. मूळ चित्रकथेच्या निर्मात्यांपैकी दोघे स्वतः असे खेळ रंगवणारे चित्रकार. म्हणजे घरच्यांनीच घरच्यांची केलेली थट्टा. सेगा कंपनीने तर २००१ साली 'सेगागागा' नावाच्या खेळात स्वतःचीच टिंगल केली. नायकाने बुडती सेगा सावरायची, बाजारात तिचा वाटा अवघा तीन टक्के, आणि लढायचे कोणाशी? तर कामाने पिचून राक्षस झालेल्या कंपनीच्याच कर्मचाऱ्यांशी! गंमत अशी, की हा खेळ येण्याच्या दोनच महिने आधी खऱ्या सेगाने गेमची यंत्रे बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले होते.

आम्ही बापलेक खदखदून हसलो. तेवढ्यात बॉनेटखालून आवाज आला, "पण दादा, त्यांना ओव्हरटाइमचे पैसे देतात का?"

चिरंजीव गप्प. मग हळूच म्हणाला, "काका, तोच तर घोळ आहे." २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी जाहीर पत्र लिहिले : सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, आणि जादा पैसे नाहीत. कंपनीवर दावे गुदरले गेले. २००५ मध्ये चित्रकारांना एक कोटी ५६ लाख आणि २००६ मध्ये प्रोग्रॅमरना एक कोटी ४९ लाख डॉलर देऊन कंपनीने ते मिटवले.

मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. "इथला कायदा मला पाठ आहे. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, रमजानात छत्तीस. वर काम केलं तर मूळ पगारावर किमान पंचवीस टक्के जास्त. पहिल्या कंपनीत माझे चार महिन्यांचे अडकले, तेव्हा पाठ केला." आणि चिरंजीवांकडे वळून, "शीक रे बाबा काय शिकायचं ते. पण सही करायच्या आधी तास विचार."

वर्षानुवर्षे आम्ही या भागात गाडी घेऊन येतो, बिल देतो आणि निघतो. समोरचा माणूस दिवसाचे किती तास उभा असतो, हे आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवशी प्रथमच विचारले. "आज बारा होतील," तो म्हणाला. "पण इथं जास्तीचे मिळतात."

परतताना गाडी गार होती. शिक्षणाचा हट्ट आम्ही मान्य केला, पण एक अट घातली : कुठलीही नोकरी घेताना मेकॅनिककाकांचा प्रश्न आधी विचारायचा.

घरी सौ. दारातच उभी. "काय होतं ते? खरंच प्रौढांसाठी?"

"अगदी!" आम्ही म्हणालो. "नोकरी करणाऱ्या प्रत्येक प्रौढासाठी."