ड्रेडनॉट युगातील ब्रिटिश बॅटलशिप आणि तोफमाऱ्याचे गणित

प्रस्तावना

१० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्ट्समथच्या गोदीत राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते ‘ड्रेडनॉट’ या नौकेचे जलावतरण झाले. तिच्या बांधणीस २ ऑक्टोबर १९०५ रोजी आरंभ झाला होता आणि १९०६ च्या डिसेंबरात ती नौदलात दाखल झाली. १२ इंच व्यासाच्या दहा तोफा, पार्सन्स यांची वाफेची टर्बाइन आणि २१ नॉटचा वेग या तीन वैशिष्ट्यांमुळे आधीच्या सर्व बॅटलशिप एका रात्रीत जुन्या ठरल्या, असे नौदलाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु त्यात तोफेला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे ती तोफ नेमकी कोठे रोखायची हे ठरविणाऱ्या यंत्रांना मिळत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे. ब्रिटिश नौदलाने लांब पल्ल्याची तोफ आधी मिळविली आणि त्या पल्ल्यावर नेम साधण्याचे साधन मागाहून शोधले. या दोहोंमधील अंतराची किंमत १९१६ मध्ये मनुष्यहानीच्या रूपाने मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकाच व्यासाच्या तोफा कशासाठी?

ड्रेडनॉटपूर्वीच्या बॅटलशिपवर सर्वसाधारणपणे १२ इंची चार तोफा आणि त्यांच्या जोडीला मध्यम व लहान व्यासाच्या अनेक तोफा असत. गोळा समुद्रात पडला की पाण्याचा उंच स्तंभ उसळतो. तो लक्ष्याच्या अलीकडे पडला की पलीकडे, हे पाहून गोलंदाज पुढचा नेम सुधारतो. निरनिराळ्या व्यासांचे गोळे एकाच वेळी पडू लागले, तर कोणता स्तंभ कोणत्या तोफेचा हे ओळखणे दुरापास्त होते. सर्व मोठ्या तोफा एकाच व्यासाच्या ठेवल्यास ही अडचण नाहीशी होते. म्हणजे ड्रेडनॉटची रचना हीच मुळात नेमबाजीच्या प्रश्नाचे एक उत्तर होती. मात्र ते अर्धेच उत्तर होते.

अंतर मोजण्याची अडचण

दहा हजार यार्डांवरील लक्ष्य घेऊ. तेथवर पोहोचण्यास १२ इंची गोळ्याला सुमारे १५ सेकंद लागतात. दोन नौका प्रत्येकी २० नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर मिनिटाला सुमारे १३५० यार्डांनी घटते. गोळा हवेत असतानाच ते तीनशेहून अधिक यार्डांनी कमी झालेले असते. ड्रेडनॉटची रुंदी ८२ फूट, म्हणजे सुमारे २७ यार्ड होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप कळते. नेम शत्रू जेथे आहे तेथे नव्हे, तर जेथे असणार आहे तेथे धरावयाचा असतो.

आजचे अंतर आधी अचूक मिळाले पाहिजे, हेही तितकेच खरे. त्यासाठी ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीचा ९ फूट पायाचा प्रकाशीय अंतरमापक वापरला जाई. नळीच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींशी जुळवून त्रिकोणमितीने अंतर काढणे हे त्याचे तत्त्व. नऊ फुटांचा पाया आणि दहा हजार यार्डांची बाजू असलेल्या त्रिकोणाचा शिरःकोन जेमतेम एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा भरतो. असा कोन धूर, धुके आणि हेलकावे खाणाऱ्या डेकवरून मोजायचा होता. शिवाय या मापनातील त्रुटी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट. पुढे १५ इंची तोफांच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गातील नौकांवर १५ फुटी अंतरमापक बसविण्यात आले, तरी जटलंडच्या वेळी बहुतेक नौका ९ फुटांवरच होत्या.

ड्युमारेस्क, घड्याळ आणि टेबल

जॉन ड्युमारेस्क या नौदल अधिकाऱ्याने तयार केलेल्या व त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात सदिश राशींचे गणित पितळेच्या पट्ट्यांवर उतरविलेले होते. आपला वेग, शत्रूचा अंदाजित वेग व दिशा यांची मांडणी केली की सापेक्ष वेगाचे दोन घटक त्यावर वाचता येत: एक दृष्टिरेषेच्या दिशेने, म्हणजे अंतर बदलण्याचा दर, दुसरा तिला काटकोनात. पहिला घटक व्हिकर्स कंपनीच्या घड्याळाला दिला की त्याचा काटा त्या दराने फिरून चालू अंतर दाखवी. येथेच खरी मेख होती. दर स्वतःच स्थिर नसतो. दोन नौका समांतर नसलेल्या मार्गांनी जात असतील, तर दिशा क्षणोक्षणी पालटते व तिच्याबरोबर दरही पालटतो. विकलनाच्या भाषेत सांगायचे, तर दुसरा अवकलज शून्य नसतो आणि घड्याळ मात्र तो शून्य धरून चालते.

या प्रश्नावर दोन व्यक्तींनी दोन वाटा चोखाळल्या. आर्थर पोलेन हे नौदलाबाहेरचे, लिनोटाइप या मुद्रणयंत्रे बनविणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक. १९०० मध्ये माल्टाजवळ त्यांनी नौदलाचा सराव पाहिला आणि त्या तोफांचा तोकडा पल्ला पाहून ते या विषयाकडे वळले. हॅरॉल्ड आयशरवुड या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी ‘आर्गो घड्याळ’ सिद्ध केले. तबकडी, गोळी व रूळ यांच्या साहाय्याने समाकलन करणारे हे यंत्र स्वतःची नौका वळत असतानाही बदलता दर आपोआप साधत राही. दुसरी वाट फ्रेडरिक ड्रेयर या नौदल अधिकाऱ्याची. त्यांच्या ‘ड्रेयर टेबल’वर अंतरमापकांची वाचने सरकत्या कागदावर कालानुसार टिंबांनी उमटत, टिंबांमधून काढलेल्या रेषेचा चढउतार म्हणजे दर. दिशेसाठी निराळा आलेख असे. दराची जुळवाजुळव पाहण्यास मात्र माणसे लागत. ॲडमिरल्टीने आर्गोची मोजकीच यंत्रे घेतली आणि शेवटी ताफ्यासाठी ड्रेयर टेबल पसंत केले.

हा निर्णय योग्य होता काय, यावर इतिहासकारांत एकमत नाही. जॉन सुमिदा यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात पोलेन यांची बाजू जोरकसपणे मांडली; जॉन ब्रुक्स यांनी २००५ मध्ये ड्रेयर टेबलची गुणवत्ता नव्याने तपासून तिला बरेच उजवे ठरविले. ब्रुक्स यांचा एक मुद्दा आम्हास वजनदार वाटतो: यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी त्याला पुरविलेली अंतरे चुकीची असतील तर उत्तरही चुकीचेच येणार.

सर पर्सी स्कॉट यांच्या ‘डायरेक्टर’ पद्धतीबाबत मात्र असा वाद उरला नाही. डोलकाठीवरील एकाच दर्शकातून नेम धरून सर्व तोफा एकदम विजेने डागण्याची ही पद्धत. नोव्हेंबर १९१२ मध्ये ती बसविलेल्या ‘थंडरर’ची तिच्याच वर्गातील ‘ओरायन’शी चाचणी झाली आणि थंडररची सरशी अनेक पटींनी ठरली. तरीही १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ही व्यवस्था थोड्याच नौकांवर होती.

जटलंड : ३१ मे १९१६

जटलंडच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या मोठ्या तोफांचे लक्ष्यवेधाचे प्रमाण ढोबळमानाने तीन टक्के होते. ही सरासरी फसवी आहे. ड्रेयर स्वतः ज्या नौकेचे कप्तान होते, त्या ‘आयर्न ड्यूक’ने अवघ्या काही मिनिटांत जर्मन ‘कोनिग’वर सात गोळे अचूक टाकले. उलट बीटी यांच्या बॅटलक्रूझरचा नेम निराशाजनक होता. त्यांचा तळ रोझाइथला होता व तेथे सरावास पुरेसे सुरक्षित पाणी नव्हते. स्कापा फ्लोला सरावासाठी पाठविलेल्या तुकडीतील ‘इन्व्हिन्सिबल’ने त्याच दिवशी उत्तम मारा केला, हे येथे सूचक आहे.

नेम साधत नाही, तर गोळे अधिक वेगाने सोडावेत, असा समज बॅटलक्रूझरच्या ताफ्यात दृढ झाला होता. त्यासाठी कॉर्डाइटच्या पिशव्या वेष्टनातून आधीच काढून ठेवल्या जात, दारूकोठारांची दारे उघडी राहत. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत जर्मन ‘सायडलिट्झ’चे मागील दोन तोफबुरूज अशाच आगीत भस्म झाले होते. जर्मनांनी त्यातून धडा घेतला. ब्रिटिशांना तो अपघात उमगलाच नव्हता. जटलंडला ‘इंडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ व ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन बॅटलक्रूझर स्फोटाने बुडाल्या. एकट्या ‘क्वीन मेरी’वर १२६६ जण मरण पावले, ‘इन्व्हिन्सिबल’वर १०२६, तिच्यावरील केवळ सहा जण वाचले. ‘लायन’ याच वाटेने गेली असती. परंतु तिच्या मुख्य गनर अलेक्झांडर ग्रँट यांनी कोठाराचे जुने नियम पुन्हा लागू केले होते आणि प्राणांतिक जखमी झालेल्या मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला. हार्वे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्धानंतर या नौकांच्या पातळ चिलखतास बराच दोष देण्यात आला. तो सर्वस्वी निराधार नाही. पण कोठाराचे दार उघडे असेल, तर आग आत शिरण्यास चिलखत भेदले जाण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि ते दार उघडे ठेवण्याची निकड नेमाच्या अपयशातून आलेली होती.

युद्धानंतर

‘ड्रेडनॉट’ स्वतः जटलंडला नव्हती. ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. तिने संपूर्ण युद्धात एकच शत्रूनौका बुडविली, ती १८ मार्च १९१५ रोजी ‘यू-२९’ ही पाणबुडी, आणि तीही धडक देऊन. दहा तोफांपैकी एकीचाही त्यात उपयोग झाला नाही! १९२१ मध्ये ती भंगारात विकली गेली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला प्रिन्स ऑफ वेल्स ज्या ‘रिनाउन’मधून मुंबईस उतरले व शहरात दंगली उसळल्या, ती याच पिढीतील, सहा १५ इंची तोफांची बॅटलक्रूझर होती.

पोलेन यांना शोधकांच्या पारितोषिकांसाठी नेमलेल्या राजकीय आयोगाने १९२५ मध्ये ३०,००० पौंड मंजूर केले. १९२७ मध्ये सेवेत आलेल्या ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ या बॅटलशिपवर ड्रेयर टेबल नव्हते. त्यांच्यासाठी ‘ॲडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल’ हे नवे यंत्र बनविण्यात आले आणि त्याच्या रचनेत आयशरवुड यांच्या आर्गो घड्याळातील कल्पना घेतलेल्या होत्या.