सूर्य तापला की आभाळ बदललं?
(लेखमाला : तापतं हवामान / लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता आणि आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. त्यावर एक आक्षेप हमखास येतो. कुर्डुवाडीत मे महिन्यात स्टेशनाबाहेर चहा पिताना तो कुणीही ऐकला असेल. पृथ्वीला ऊब देतो तो सूर्य. शेतातली ज्वारी, उजनीचं पाणी, अंगावरचा घाम, सगळं त्याचंच. मग दहा लाखांत चारशे-सव्वाचारशे भागांच्या वायूला एवढा दोष कशासाठी? सूर्यच पूर्वीपेक्षा जास्त आग ओकत असेल!

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. उष्णतेचा उगम सूर्यात आहे, तेव्हा उष्णता वाढली की पहिली शंका तिथेच जायला हवी. शास्त्रज्ञांनीही आधी तीच घेतली. आणि त्या शंकेच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं सोलापूर जिल्ह्याशी, अगदी कुर्डुवाडीच्या शेजाराशी जोडलेली आहेत.

१८७६ साली दख्खनला परतीच्या पावसाने दगा दिला. सोलापूर जिल्ह्याचं पोट रब्बीच्या ज्वारीवर, आणि ती ज्वारी हातची गेली. पुढची दोन वर्षं दुष्काळ हटला नाही. दक्षिण हिंदुस्थानात लाखो माणसं मेली. तेव्हाचं कुर्डुवाडी स्टेशन बार्शी रोड नावाने ओळखलं जायचं. रेल्वे होती, धान्याची ने-आणही होत होती, पण विकत घ्यायला माणसाच्या हातात पैसा नव्हता. सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या, म्हणजे जेमतेम अर्ध्या शेराच्या हिशेबावर आणली, तेव्हा मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली.

त्याच काळात, १८७७ मध्ये, सरकारी सांख्यिकी अधिकारी विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ यांचा संबंध मांडला. सूर्यावरच्या काळ्या डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. मद्रासच्या पावसाच्या १८१३ पासूनच्या नोंदी त्या चक्राशेजारी ठेवून हंटर म्हणाले, डाग कमी होतात तेव्हा पाऊसही आटतो. १८७६ ते १८७८ या वर्षांत डाग उतरणीला लागलेले होते, त्यामुळे मांडणी चपखल वाटली. इंग्लंडात तिच्यावर मोठा वाद झाला.

या वादाला दोन बाजू होत्या आणि दोन्ही आजच्याही कामाच्या आहेत. एक बाजू शास्त्राची : दुष्काळाचा अंदाज आधी बांधता आला तर माणसं वाचतील. हा हेतू प्रामाणिक होता, आणि सूर्याचा अभ्यास हिंदुस्थानात पद्धतशीर व्हावा ही मागणी त्यातूनच जोर धरू लागली. दुसरी बाजू जबाबदारीची. दुष्काळ सूर्याने आणला असं एकदा ठरलं, की निर्यात होणाऱ्या धान्याबद्दल, साऱ्याबद्दल, मजुरीच्या दराबद्दल कुणाला विचारायचं? पाऊस न पडणं आणि माणसं उपाशी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सार्वजनिक सभेच्या कागदपत्रांतून स्पष्ट दिसतं. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आजही सूर्याकडे बोट दाखवलं की जमिनीवरचे प्रश्न आपोआप बाजूला पडतात.

पण कुणाच्या सोयीचं आहे म्हणून एखादं म्हणणं खोटं ठरत नाही. ते तपासावं लागतं.

सूर्य तपासायला माणसं अक्षरशः कुर्डुवाडीच्या दारात आली. कुर्डुवाडीहून दौंडकडे निघालं की कुंकवासाठी नावाजलेलं केम लागतं आणि पुढे करमाळा तालुक्यातलं जेऊर. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल जेऊरला तळ ठोकून होते. पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती आणि नायगमवाला तिचे प्रमुख होते. जेऊरच्या वेधांचा त्यांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. ग्रहणाच्या आदल्याच वर्षी दुष्काळ आणि प्लेग या दोन्हींनी हा मुलूख पोळलेला. बार्शी लाइटची छोटी गाडी नुकती, १८९७ मध्येच, धावू लागलेली. अशा दिवसांत जेऊरच्या माळावर दुर्बिणी लावून माणसं सूर्याच्या किरीटाचे फोटो घेत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्रहणाच्या पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, कोडाईकनालची सौर वेधशाळा सुरू झाली. तिथे सूर्याच्या रोजच्या प्रतिमांची जी परंपरा रुजली ती जगातल्या सर्वांत दीर्घ परंपरांपैकी एक आहे. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली तेव्हा तिची दुर्बीणही कोडाईकनालला गेली.

डागांच्या सिद्धान्ताचं काय झालं? हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या ठिकाणांचा पाऊस, तापमान आणि हवेचा दाब घेऊन सूर्यडागांशी त्यांचा मेळ बसतो का हे आकडेमोडीने पाहिलं. संबंध निघाला तो फारच क्षीण, कुठे सरळ तर कुठे उलटा. त्यावर पावसाचा अंदाज उभा करणं शक्य नव्हतं. मात्र आकड्यांच्या याच ढिगाऱ्यातून वॉकरना दुसरी गोष्ट सापडली. प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला तो उतरतो, आणि या हेलकाव्याचं आपल्या मान्सूनशी नातं आहे. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो त्याचं हे हवेतलं अंग. १८७७-७८ चा एल निनो ज्ञात इतिहासातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी होता, हे नंतर कळलं. वॉकर ज्या खात्यात होते त्याचं कार्यालय पुढे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस ते हेच.

डागांचा सिद्धान्त आपल्याला घरबसल्याही पडताळता येतो. १८७६-७८ चा दुष्काळ डाग कमी होण्याच्या काळातला. बहात्तरचा दुष्काळ, ज्याच्या आठवणी माढा-करमाळ्याच्या घराघरात आहेत, चक्राच्या मधोमध येतो : डागांचा कळस १९६८ च्या सुमारास आणि तळ १९७६ च्या सुमारास. २०१२-१३ चा दुष्काळ तर जवळजवळ कळसाला, कारण तो कळस २०१४ चा. म्हणजे तळाला दुष्काळ, मध्याला दुष्काळ, कळसालाही दुष्काळ.

आता पाऊस सोडून तापमानाकडे येऊ. इथे अंदाजाची गरजच उरलेली नाही, कारण १९७८ पासून सूर्याची ऊर्जा उपग्रहांवरून थेट मोजली जाते. वातावरणाच्या वर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पडते. ११ वर्षांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्क्याने वरखाली होते. डाग जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित जास्त तेजस्वी असतो, कारण डागांच्या आसपासचे उजळ भाग डागांचा काळेपणा भरून काढून वर उरतात.

या ०.१ टक्क्याचा पृथ्वीवरचा हिशेब असा. पृथ्वी गोल आहे. सूर्याकडून दिसते तेवढ्या चकतीच्या चौपट तिचा पृष्ठभाग, आणि त्यातही रात्र असते. म्हणून १,३६१ ला चारने भागायचं, येतात ३४० वॅट. त्यातले ३० टक्के ढग, बर्फ आणि जमीन परत पाठवतात. उरले २४० च्या आतबाहेर. त्याचा ०.१ टक्का म्हणजे पाव वॅटही नाही. या चढउताराने पृथ्वीचं तापमान जेमतेम ०.१ अंशाने हलतं, आणि चक्र उतरलं की परत खाली येतं. याउलट, १७५० पासून माणसाने हवेत जे काही सोडलं त्याचा निव्वळ परिणाम चौरस मीटरला सुमारे २.७ वॅट आहे, असा आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालाचा अंदाज. हा भार चक्राने उतरत नाही, साचत जातो.

गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सूर्याची सक्रियता काहीशी वाढली होती आणि तेव्हाच्या तापमानवाढीत तिचा थोडा वाटा होता. हे मान्य करायलाच हवं. पण १९८० नंतर सूर्य आणि तापमान यांच्या रेषा एकमेकींपासून फुटल्या. सूर्याची ऊर्जा वाढली नाही, थोडी घटलीच. २००८ ते २०१९ हे चक्र तर साधारण शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं. त्याच काळात पृथ्वीचं तापमान दर दशकाला सुमारे ०.२ अंशाने चढत राहिलं. तापवणारा सूर्य असता तर ही वर्षं थंडावायला हवी होती.

वातावरणाची ताकद किती हे कुर्डुवाडीच्या आकाशातही दिसतं. १२ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य कुर्डुवाडीच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेर तो पुन्हा तिथेच येतो. दिवसाची लांबी जवळपास तीच, वरून येणारी ऊर्जाही जवळपास तीच. पण मे महिन्यात सोलापूरकडे सरासरी कमाल तापमान चाळिशीच्या घरात असतं आणि जुलैअखेर ३१-३२. फरक सूर्यात नाही, ढगांत आणि ओल्या जमिनीत आहे. आणखी एक अनुभव डाळिंबवाल्यांना विचारा. पौष-माघात आभाळ निरभ्र असेल तर पहाटे हुडहुडी भरते. ढग आले की थंडी पळते. रात्री सूर्य नसतोच. तरी पारा चढतो, कारण जमिनीतून निघालेली उष्णता ढग आणि बाष्प अडवतात. कार्बन डायऑक्साइड हेच काम करतो, फक्त तो पुढच्या वाऱ्याने निघून जात नाही.

यातूनच एक नेमकी कसोटी निघते. सूर्य जास्त तापला तर वातावरणाचे सगळे थर तापतील. उष्णता खाली अडकत असेल तर जमिनीजवळची हवा तापेल आणि वरचा स्तर, स्थितांबर, थंड होईल. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने हे सांगितलं होतं. मानाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं. उपग्रहांच्या चार दशकांहून जास्त नोंदींत स्थितांबर थंड होतानाच दिसतं. ओझोन घटल्याचाही त्यात वाटा आहे, पण फार वरच्या थरांतली तापमानाची घट मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळेच. सूर्याच्या बाजूने बोलणाऱ्याने या एका निरीक्षणाचं उत्तर दिलं पाहिजे, आणि ते आजवर मिळालेलं नाही.

दुसरी एक खूण नेहमी सांगितली जाते : जगात रात्री दिवसांपेक्षा वेगाने तापल्या. भारतात मात्र ही खूण स्वच्छ दिसत नाही. इथे शंभर वर्षांच्या सरासरीत दिवसाचं कमाल तापमान जास्त वाढलेलं आढळतं. म्हणून ती मी पुरावा म्हणून वापरत नाही.

सूर्य की वायू, हा वाद आपल्याकडे अगदी वरच्या पातळीवरही झाला. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव हे वैश्विक किरणांचे नाणावलेले अभ्यासक. २०११ च्या आरंभी त्यांनी मांडलं की सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे दीडशे वर्षांत पृथ्वीवर येणारे वैश्विक किरण सुमारे ९ टक्क्यांनी घटले, त्यामुळे खालचे ढग कमी झाले आणि त्यातून १.१ वॅटची भर पडली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो निबंध चर्चेसाठी प्रसिद्ध केला. माझ्या मते हे योग्यच झालं. एवढ्या अधिकारी माणसाचं म्हणणं उघड्यावर तपासलं गेलं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ‘क्लाउड’ प्रयोगात दिसलं की किरणांमुळे हवेत बारीक कण तयार व्हायला मदत होते, पण किरणांच्या चढउताराने ढगांत पडणारा फरक फारच लहान. निसर्गानेही चाचणी घेतली. सूर्य शांत असलेल्या २००९ मध्ये वैश्विक किरण अंतराळयुगातल्या उच्चांकाला पोचले. रावांच्या मांडणीप्रमाणे ढग वाढून गारवा यायला हवा होता. २०१० हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरलं.

सूर्य पाहणं मात्र थांबलेलं नाही. पुण्याच्या आयुकात घडवलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल१’ बरोबर निघाली. सूर्याच्या चक्रात अतिनील किरणांची टक्केवारी एकूण तेजापेक्षा कितीतरी जास्त बदलते आणि ते किरण स्थितांबरातला ओझोन हलवतात. सूर्याचा हवामानावरचा खरा, बारीक प्रभाव कुठून चालतो हे तिथे कळेल.

राहिला शेवटचा प्रश्न : सूर्य पुढे मंदावला तर? सतराव्या शतकात काही दशकं डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. तसं या शतकात पुन्हा घडलं तर काय, याची गणितं झाली आहेत. २१०० पर्यंतच्या तापमानवाढीतून त्याने फार तर ०.३ अंश वजा होतात, आणि तेही सूर्य मंद राहील तेवढ्याच काळापुरते. पुढच्या लेखांकात भारतातल्या रात्रींचं कोडं घेऊ : हवेतली धूळ, धूर आणि उजनीसारख्या धरणांच्या कालव्यांचं पाणी आपल्या कमाल-किमान तापमानात काय करतं ते.